खाज नाही, तरी केस का गळतात?

राखणीचा कुत्रा दारात पडलेला असतो. एके दिवशी ध्यानात येते, की त्याच्या दोन्ही कुशींवरचे केस विरळ झाले आहेत, शेपटी उघडी पडली आहे, कातडी काळवंडली आहे. 'खरूज झाली' म्हणून आपण ट्रॅक्टरचे जळके ऑइल चोपडायला घेतो. वाचकहो, थोडे थांबा. आधी एवढेच पाहा: कुत्रा खाजवतो का?

खरूज, पिसवा असल्या की कुत्रा अंग ओरबाडतो, चावतो. खाज मुळीच नसेल आणि केस दोन्ही अंगांना सारखेच गेले असतील, तर मूळ बहुधा शरीरातील ग्रंथींत असते.

कुत्रा सुस्त झाला, खाणे तेवढेच असून वजन वाढले, थंडी सोसेना, तर गळ्यातील थायरॉइड ग्रंथी मंदावल्याचा संशय घ्यावा.

पाणी फार पितो, लघवी वाढली, पोट सुटले, कातडी पातळ झाली, तर ॲड्रिनल ग्रंथीचा स्राव वाढलेला असू शकतो. स्टेरॉइडची औषधे फार दिवस दिल्यानेही हेच होते. मात्र ती आपल्या मनाने एकदम बंद करू नका. त्याने जिवावर बेतू शकते.

नराचे एक अंड पोटातच राहिले असेल आणि सड मोठे दिसू लागले, तर अंडात गाठ असू शकते. त्यावर शस्त्रक्रिया हाच उपाय.

डेमोडेक्स नावाचा सूक्ष्म परजीवी आणि गजकर्ण यांतही कधी कधी खाज नसते. म्हणून कातडी खरवडून केलेली तपासणी आधी, रक्ततपासणी नंतर. गजकर्ण माणसांनाही होते. निदान होईपर्यंत मुलांना कुत्र्यापासून दूर ठेवा. थायरॉइडसाठी टी-४ बरोबर टीएसएचही तपासावे, कारण दुसऱ्या आजारात किंवा स्टेरॉइडमुळेही टी-४ कमी दिसते.

पशुवैद्यांकडे जाण्यापूर्वी कुत्रा दिवसभरात किती पाणी पितो ते मोजा. वजनाच्या किलोमागे 100 मिलिलिटरहून अधिक, म्हणजे 20 किलोच्या कुत्र्याने 2 लिटरहून जास्त पाणी पिणे हे आजाराचे लक्षण. पण त्याचे पाणी तोडू नका. आधी दिलेल्या औषधांची चिठ्ठीही सोबत न्या.

थायरॉइडची गोळी बहुधा जन्मभर द्यावी लागते आणि केस यायला काही महिने लागतात. धीर धरा. जळके ऑइल मात्र लावू नका. कुत्रा अंग चाटतो आणि ते विष त्याच्या पोटात जाते.