पदकाबरोबरचा कागद

10 जुलै 1944 रोजी इटलीत टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या एका तुकडीवर अगदी जवळून मशीनगनचा मारा झाला. नाईक यशवंत घाडगे सोडून सगळे ठार किंवा जखमी झाले. घाडगे एकटे त्या गनवर धावून गेले. हातबॉम्ब टाकून ती बंद पाडली आणि टॉमीगनने एकाला टिपले. मॅगझिन रिकामे झाले, दुसरे चढवायला उसंत नव्हती. तेव्हा तीच बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना त्यांनी झोडपून मारले आणि मग लपलेल्या शत्रूच्या गोळ्यांनी ते पडले. माणगाव तालुक्यातल्या या बावीस वर्षांच्या जवानाला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. रिकाम्या मॅगझिनपर्यंतचा हा तपशील आज आपल्याला ठाऊक आहे, तो त्या कांस्याच्या क्रॉसमुळे नव्हे. पदक देताना कुणीतरी ते नीट लिहून ठेवले म्हणून. 2023 मध्ये इटलीतल्या मोंतोने गावाने घाडगेंच्या स्मरणार्थ सूर्यघड्याळ उभारले, त्यालाही आधार होता तो याच नोंदीचा.

पदकाला शौर्य लागते, तसा ते पाहणारा आणि वर कळवणारा अधिकारीही लागतो. दीड वर्ष आधी, 2 जानेवारी 1943 रोजी, मुरबाड तालुक्यातल्या सिद्धगडच्या रानात स्वातंत्र्यसैनिक भाई कोतवाल आणि हिराजी पाटील पोलिसांच्या गोळ्यांनी पडले. त्यांच्या आझाद दस्ता या भूमिगत गटाने विजेचे मनोरे पाडून ब्रिटिश सरकारला जेरीस आणले होते. पदके देणारे सरकार आणि गोळ्या झाडणारे सरकार एकच होते. त्यांचे शौर्य लिहिणार कोण? म्हणून माझे म्हणणे असे, की शहापूर-मुरबाडच्या गावांनी आपल्या प्रत्येक हुतात्म्याच्या नावाखाली तो कुठे, कोणाशी लढताना आणि काय करून पडला हे सविस्तर कोरावे. पदक मिळालेले असो वा नसो. नुसत्या कमानीने आणि चौकाच्या नावाने ते काम होत नाही.

कुणी म्हणेल, साम्राज्यासाठी लढलेला आणि साम्राज्याविरुद्ध लढलेला एका मापाने कसे मोजता? हा आक्षेप वजनदार आहे आणि तो झाकू नये. पण ‘अमर रहे’ एवढ्यानेच तो फरक पुसला जातो. हुकूम कोणाचा होता, गोळी कोणाची होती हे लिहिले तरच तो शिल्लक राहतो. दुसरा आक्षेप घरच्यांच्या पोटाचा: आधी पेन्शन द्या, दगडावरची अक्षरे नंतर. पेन्शन हा हक्कच आहे, त्यात तडजोड नको. पण वडील गेले तेव्हा पाळण्यात असलेल्या मुलाला ते कसे गेले हे पेन्शनच्या पुस्तकात सापडत नाही. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत पलटणीकडे विचारणा करणे ग्रामपंचायतीला अवघड नाही.

सिद्धगडासाठी मात्र विचारायला पलटण नाही. 1943 साली दहा वर्षांचे असलेले पोर आज नव्वदी ओलांडून गेले आहे. पायथ्याच्या वाड्यांत आजोबांकडून ऐकलेले सांगणारे जे कोणी असतील, त्यांच्याकडून ते येत्या 2 जानेवारीच्या आत लिहून घ्यायला हवे.