मनासारखा कौल मिळेपर्यंत?

वाचकहो, युरोपीय संघाचा कारभार लोकशाहीचा की नोकरशाहीचा, हा वाद तिकडच्या वृत्तपत्रांत वर्षानुवर्षे झडतो आहे. संघाचे कैवारी म्हणतात, युरोपीय संसद १९७९ पासून थेट लोकांच्या मतांनी निवडली जाते. मंत्रिपरिषदेत बसतात तेही निवडून आलेल्या सरकारांचेच मंत्री. मग लोकशाहीत उणे काय? गोवेकरांना याच्याशी काय कर्तव्य, असे म्हणू नका. १९५१ साली लिस्बनने घटना बदलून आपल्या भूमीला ‘सागरपार प्रांत’ ठरवले, तेव्हा तुमच्या वाडवडिलांना कोणी विचारले होते?

आता कैवाऱ्यांचा हिशेब तपासू. संसद लोकांची खरी. पण कायद्याचा मसुदा मांडण्याचा अधिकार जवळजवळ सर्वस्वी आयोगाकडे. त्या आयोगाचा अध्यक्ष कोण, हे मतदाराला आधी कळावे म्हणून २०१४ पासून पक्षांनी आपापले उमेदवार जाहीर केले. २०१९ मध्ये ते सारे बाजूला सारून सरकारप्रमुखांनी तिसरेच नाव पुढे केले. उर्सुला फॉन डेर लायन संसदेत ३८३ मतांनी निवडून आल्या. लागत होती ३७४. कायद्यात बसले, पण मतदाराला काय वाटले असेल?

खरी मेख पुढेच आहे. युरोपची राज्यघटना २००५ साली फ्रान्सच्या मतदारांनी सुमारे ५५ टक्के मतांनी फेटाळली. तीनच दिवसांनी नेदरलँड्सने ६१ टक्क्यांहून अधिक मतांनी तिला नकार दिला. मग काय झाले? बहुतेक तोच ऐवज ‘करार’ या नावाखाली २००७ च्या डिसेंबरात पुन्हा आला. सह्या झाल्या कोठे? लिस्बनमध्येच! या खेपेस फ्रान्स, नेदरलँड्स, खुद्द पोर्तुगाल, कोठेच मतदाराला विचारले नाही. संसदांनी परस्पर माना डोलावल्या. सार्वमत घेतले एकट्या आयर्लंडने. २००८ मध्ये तिथे नकार आला. काही आश्वासने पदरात घालून २००९ मध्ये पुन्हा विचारले. होकार आला आणि प्रश्न मिटला!

युरोपीय संघ म्हणजे सालाझारशाही नव्हे, हे मान्य. तिथे देश आपखुशीने जातात. २०१६ च्या सार्वमतानंतर ब्रिटन २०२० साली बाहेरही पडला. पण नकार तात्पुरता आणि होकार कायमचा, हा न्याय कोणता?

इथे आपल्यातलेच कोणी म्हणेल, “आयर्लंडला दुसऱ्यांदा विचारले, मग आम्हांला का नाही?” १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात फुलाला १,३८,१७० मते पडली, दोन पानांना १,७२,१९१. चौतीस हजारांनी विलीनीकरण हरले. ती जखम आम्हांला आजही ठसठसते. पण विचारले गेले होते, मते मोजली गेली होती, आणि हरलेल्यांनी निकाल मानला, हे आमचे भूषण आहे. बेळगावच्या मराठी माणसाला तर असा कौल द्यायची संधीच मिळाली नाही!

देवळात पाकळी डावी पडली म्हणून कोणी भटजीला “उजवी पडेपर्यंत लावत राहा” म्हणत नाही. वाचकहो, जो राज्यकर्ता लोकांचा नकार होकाराइतकाच पक्का मानतो, त्यालाच लोकांच्या नावाने कायदे करण्याचा हक्क आहे. मग तो पणजीत बसो, दिल्लीत बसो, की ब्रसेल्समध्ये!