पोळ्याचा बैल आणि कायद्याचा बैल

श्रावण अमावास्येच्या आदल्या सायंकाळी आमच्या चिमूर परिसरात बैलांचे खांदे तूप-हळदीने शेकले जातात आणि दुसऱ्या दिवशीच्या भोजनाचे आमंत्रण त्यांच्या कानी घातले जाते. पोळ्याला शिंगे रंगतात, पाठीवर झूल चढते, तोरणाखाली जोड्या उभ्या राहतात आणि घरोघरी पुरणपोळीचा नैवेद्य त्यांच्या मुखी लागतो. ज्याच्या खांद्यावर वर्षभर जू ठेवले, त्याच्यापुढे वर्षातून एकदा हात जोडण्याचा हा सण आहे. पूजेचा हा बैल गेल्या काही वर्षांत विधिमंडळात आणि न्यायालयातही वारंवार उभा राहिला. तेथे त्याला काय मिळाले आणि काय राहून गेले, याचा विचार आजच्या दिवशी करणे उचित होईल.

प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा केंद्रीय कायदा १९६० चा आहे. २०११ साली केंद्र शासनाने, ज्या प्राण्यांचे खेळ करता येत नाहीत, त्यांच्या यादीत बैलाचा समावेश केला. पुढे ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तामिळनाडूतील जल्लीकट्टू आणि महाराष्ट्रातील बैलगाडा शर्यती या दोहोंवर बंदी आणली. विदर्भातील शंकरपटही त्यामुळे थांबले.

त्या निकालात ईशोपनिषदाचा आधार घेतलेला आहे. मात्र कोणताही जीव दुसऱ्याहून श्रेष्ठ नाही, असे जे वचन तेथे उपनिषदाच्या नावे दिले आहे, ते अवघ्या अठरा मंत्रांच्या त्या ग्रंथात त्या शब्दांत मला आढळले नाही. उपनिषद सांगते ते याहून अवघड आहे. हे सारे जग ईश्वराने व्यापिलेले आहे, म्हणून त्यागपूर्वक भोग घ्यावा, परक्याच्या धनाचा लोभ धरू नये, असा त्याचा आशय आहे. त्यात बैलापासून काम घेण्यास मनाई नाही. परंतु घेणाऱ्याने काय सोडले, हा प्रश्न मात्र आहे.

बंदीने शेतकरी समाज व्यथित झाला. २०१७ मध्ये महाराष्ट्र विधिमंडळाने १९६० च्या कायद्यात राज्यापुरती दुरुस्ती केली. मुंबई उच्च न्यायालयाने शर्यतींना स्थगिती दिली, १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सशर्त अनुमती दिली आणि अखेर १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ही दुरुस्ती वैध ठरविली. शंकरपट पुन्हा भरू लागले. परंतु हा निकाल म्हणजे मोकळे रान नव्हे. जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी, पशुवैद्यकाचा दाखला, एक हजार मीटरांची मर्यादा, चाबूक, टोचणी व विजेचा झटका यांस मज्जाव, आणि अटी मोडणाऱ्यास पाच लाख रुपयांपर्यंत दंड अथवा तीन वर्षांपर्यंत कारावास, अशी ही व्यवस्था आहे. अटींच्या पालनाची जबाबदारी न्यायालयाने जिल्हा प्रशासनावर टाकली आहे. अनुमती आहे ती या अटींमुळेच.

काही वर्षांपूर्वी एका गावी पटाच्या रात्री माझे कीर्तन होते. जिंकलेली जोडी मंडपाशेजारीच बांधलेली होती. गुलालाने माखलेल्या त्या बैलाच्या पुठ्ठ्यावर आरीचे ताजे व्रण होते. मी नंदीचे आख्यान लावले होते. ते कसेबसे पूर्ण केले. त्या व्रणांविषयी मात्र चकार शब्द काढला नाही. ते मौन आजही मला टोचते.

परंपरा टिकविण्यासाठी जिवाला वेदना द्याव्याच लागतात, असे नाही. माघातील यात्रेत आमच्या चिमूरचा बालाजी ज्या घोड्यावर आरूढ होतो, तो लाकडाचा आहे. तान्ह्या पोळ्याला मुले ओढतात तो नंदीही लाकडाचाच. लाकडाच्या ठायी भाव ठेवणाऱ्या समाजाला जिवंत बैलाच्या ठायी करुणा ठेवणे जड जाऊ नये.

आता दुसरी बाजू. मार्च २०१५ पासून महाराष्ट्रात गायीप्रमाणेच बैल व वळू यांच्याही कत्तलीस बंदी आहे. तत्पूर्वी १९७६ च्या कायद्यानुसार निरुपयोगी ठरलेल्या बैलाच्या कत्तलीचा दाखला मिळू शकत असे. नव्या बंदीचे मी मनःपूर्वक स्वागत केले होते आणि आजही त्या मतावर ठाम आहे. परंतु स्वागत करणाऱ्याने तिचा भार कोणावर पडला हेही पाहिले पाहिजे. नांगरणी ट्रॅक्टरने होऊ लागली. म्हाताऱ्या बैलास गिऱ्हाईक उरले नाही. दोन-चार एकरांच्या धान उत्पादकाने कामाच्या जोडीला चारावे की थकलेल्या बैलाला? सप्टेंबर २०२४ मध्ये राज्य शासनाने देशी गायीस राज्यमाता घोषित केले आणि गोशाळांतील देशी गायींच्या पोषणासाठी प्रतिदिनी पन्नास रुपयांचे अनुदान ठरविले. शेतकऱ्याच्या गोठ्यातला म्हातारा बैल या अनुदानात बसत नाही.

आमचा तालुका ताडोबाच्या जंगलाला लागून आहे. येथे जनावर चरावयास सोडणे म्हणजे वाघाच्या वाटेवर सोडणे होय. वाघाने बैल मारला, तर वनखात्याकडून नुकसानभरपाई मिळते आणि ती मिळालीच पाहिजे. पण त्याच बैलाला मरेपर्यंत गोठ्यात सांभाळणाऱ्याच्या हाती काही पडत नाही. मेलेल्या बैलाचा हिशेब आहे, जगविलेल्याचा नाही. कायद्याने बैलाचे मरण रोखले, धाव नियमांत बसविली. त्याच्या म्हातारपणाच्या वैरणीची सोय मात्र करावयाची राहिली.

ती शासनाने करावी, अशी मागणी अवश्य करावी. तोवर गावाच्या हाती काही नाही असे नव्हे. पट भरविणाऱ्या मंडळांनी बक्षिसाच्या रकमेचा काही अंश गावातील थकलेल्या बैलांच्या वैरणीसाठी राखून ठेवावा. ज्या धुरकऱ्याच्या बैलावर व्रण दिसेल, त्याची जोडी पंचांनी बाद करावी. आणि आम्हा कीर्तनकारांनी व्रण पाहून मौन बाळगू नये. या उपदेशाचा पहिला श्रोता मीच आहे.

उद्या तोरणाखाली सजलेल्या जोड्या उभ्या राहतील. त्यांची पूजा झाल्यावर, तोरणापर्यंत चालत येण्याचेही त्राण ज्याच्यात उरले नाही, त्या गोठ्यातल्या बैलालाही पुरणपोळीचा एक घास द्यावा. पोळ्याचा पहिला मान खरे तर त्याचा आहे.