लिनक्स अपग्रेड करताना मधली पायरी का गाळू नये?

महाविद्यालयांच्या संगणक लॅबमध्ये, छोट्या कार्यालयांच्या सर्व्हरवर उबुंटू २०.०४ अजूनही भेटते. एप्रिल २०२० मध्ये आलेल्या या आवृत्तीचा पाच वर्षांचा नियमित सपोर्ट मे २०२५ मध्ये संपला. आता थेट २४.०४ वर जायचे की आधी २२.०४ वर? दोनदा डाउनलोड आणि दोनदा रीस्टार्ट कशाला, असे वाटणे साहजिक आहे. तरीही उत्तर एकच: आधी २२.०४, मग २४.०४.

फोनला चालते, मग इथे का नाही?

आयफोन दोन-तीन आवृत्त्या मागे असला तरी थेट ताज्या आयओएसवर जातो. अँड्रॉइडमध्येही सिस्टिमचा भाग वेगळ्या कप्प्यात असतो आणि वापरकर्ता त्याला हात लावू शकत नाही. अँड्रॉइड ७ पासून आलेल्या पद्धतीत तर नवी सिस्टिम दुसऱ्याच कप्प्यात तयार होते. ती सुरू झाली नाही, तर फोन जुन्या कप्प्यावर परत येतो.

उबुंटू आणि तिचा पाया असलेल्या डेबियनचे तसे नाही. तिथे चालू सिस्टिममध्येच शेकडो पॅकेजेस एकामागोमाग बदलली जातात. अनेक पॅकेजेससोबत एक छोटी स्क्रिप्ट येते. जुनी सेटिंग फाइल नव्या रूपात आणणे, हटवलेल्या गोष्टी साफ करणे ही तिची कामे. ती लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर साधारणपणे लगतची मागची आवृत्तीच असते. त्याआधीच्या आवृत्त्यांसाठीचा कोड पुढे काढूनही टाकला जातो.

डेबियनचे ताजे उदाहरण घ्या. पूर्वी मूळ प्रोग्राम 'बिन' आणि 'यूएसआर-बिन' अशा दोन फोल्डरमध्ये विभागलेले असत. जून २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ ने हे फोल्डर एकत्र करणे सक्तीचे केले. जुन्या मशीनवर ते काम १२ च्या अपग्रेडमध्येच उरकले जाते. ऑगस्ट २०२५ मधील डेबियन १३ ची पॅकेजेस मात्र ते आधीच झाले आहे असे धरून चालतात. म्हणजे ११ वरून १३ वर उडी मारणारा नेमके हे स्थलांतरच मागे सोडतो. एकाहून अधिक आवृत्त्या मागून थेट अपग्रेडला सपोर्ट नाही, असे डेबियनच्या रिलीज नोट्स सांगतात. अडचण एवढीच, की त्या कुणी उघडत नाही.

आता कुणी म्हणेल, २०.०४ आणि २२.०४ च्या मध्ये २०.१०, २१.०४ आणि २१.१० येऊन गेल्या, त्या कशा चालतात गाळलेल्या? चालतात, कारण एका एलटीएसवरून पुढच्या एलटीएसवर जाण्याची वाट कॅनॉनिकल स्वतः तपासते. पायऱ्या किती, यापेक्षा वाट तपासलेली आहे का, हे महत्त्वाचे.

सोर्सेस लिस्टमध्ये 'फोकल'च्या जागी थेट 'नोबल' लिहिण्याची युक्ती कधी कधी चालूनही जाते. तोच धोका आहे. फसली, तर निम्मी पॅकेजेस जुनी, निम्मी नवी आणि पुढे-मागे दोन्ही वाटा बंद. पायथनचेच पाहा: २०.०४ मध्ये ३.८, २२.०४ मध्ये ३.१०, २४.०४ मध्ये ३.१२. या ३.१२ मधून 'डिस्टयूटिल्स' हे जुने मॉड्यूल काढून टाकले आहे. एकेक पायरीने गेल्यास कोणता प्रोग्राम कुठे बिघडला, ते निदान कळते.

चालढकलही महागात पडते. मुदत संपलेल्या आवृत्त्यांची पॅकेजेस कालांतराने मुख्य सर्व्हरवरून संग्रहात हलवली जातात. मग मधली पायरी चढायची म्हटली तरी पत्ते हाताने बदलावे लागतात.

शॉर्टकट हवाच असेल, तर बॅकअप घेऊन नवी आवृत्ती कोरी इन्स्टॉल करावी. ते अर्धवट उडीपेक्षा कितीतरी बरे. अपग्रेडच करायचे, तर बॅकअपनंतर सध्याच्या आवृत्तीचे सगळे अपडेट्स घ्यावेत, बाहेरून जोडलेले पीपीए बंद करावेत, डिस्कवरची जागा पाहावी आणि उबुंटूचे स्वतःचे अपग्रेड साधन वापरावे. सोमवारी प्रॅक्टिकल असेल, तर शनिवारी फक्त २२.०४ पर्यंत जावे, प्रिंटर आणि कंपायलर चालवून पाहावेत. २२.०४ चा नियमित सपोर्ट २०२७ पर्यंत आहे. पुढची पायरी सुट्टीत चढता येईल.