पाणबुडी आली, टॉर्पेडो राहिला

दर वर्षी 1 फेब्रुवारीला मोबाइलवर तीच हेडलाइन येते: संरक्षणासाठी विक्रमी तरतूद. 2025-26 साली आकडा होता 6 लाख 81 हजार कोटी. खाली कमेंट्समध्ये तिरंग्यांचा पाऊस. कुणी 'हे पैसे जातात कुठे' असं विचारलंच, तर त्याला लगेच पाकिस्तानचं तिकीट काढून मिळतं. तिकीट घ्यायला मी तयार आहे. पण आधी हिशेब बघू.

मी सातारा जिल्ह्यातला. आमच्याकडे प्रत्येक आळीत कुणी ना कुणी फौजेत आहे, त्यामुळे 'तोफा नको, शाळा बांधा' हा वाद मी इथे घालत नाहीये. माझं भांडण वेगळं आहे. या बजेटात पैसे कमी पडले की कात्री चालते ती काडतुसावर आणि माणसावर. मोठ्या शस्त्राचा हप्ता मात्र बरोबर तारखेला जातो.

हप्ता हा शब्द मुद्दाम वापरतोय. लढाऊ विमान किंवा पाणबुडी कुणी रोखीने घेत नाही. आज सही होते, पैसे पुढची कितीतरी वर्षं टप्प्याटप्प्याने जातात. म्हणजे यंदा 'नव्या खरेदीसाठी' म्हणून जी रक्कम जाहीर होते, तिच्यातला मोठा वाटा जुन्या सह्यांनी आधीच खाल्लेला असतो. मार्च 2018 मध्ये लष्कराच्या तेव्हाच्या उपप्रमुखांचं म्हणणं संसदेच्या स्थायी समितीच्या अहवालात आलं. आधुनिकीकरणासाठी मिळाले 21,338 कोटी आणि आधीच्या करारांचं देणं होतं 29,033 कोटी. पगारापेक्षा ईएमआय मोठा! 68 टक्के सामग्री जुनाट झालीय, हेही त्यांनीच सांगितलं. हे बोलणारा माणूस गणवेशातला होता, म्हणून त्याला कुणी तिकीट काढून दिलं नाही.

मग भागवायचं कसं? कॅगच्या 2017 च्या अहवालानुसार सप्टेंबर 2016 मध्ये दारूगोळ्याच्या 40 टक्के प्रकारांचा साठा दहा दिवसांच्या लढाईलाही पुरणारा नव्हता. 2020 मध्ये संसदेत मांडलेल्या अहवालात सियाचीनसारख्या ठिकाणच्या जवानांच्या बर्फातल्या गॉगल्सची तूट 62 ते 98 टक्के दाखवली आहे. गॉगल्स! आकडे जुने आहेत, आता सुधारलंय, असं लष्कराचं म्हणणं. असेलही. पण गॉगलला फीत कापायला कुणी येत नाही आणि दारूगोळ्याच्या पेटीसमोर कुणी सेल्फी काढत नाही, हे कालही खरं होतं आणि आजही आहे.

आता आपल्या माझगाव डॉकची गोष्ट. 2005 मध्ये सहा स्कॉर्पिन पाणबुड्यांचा करार झाला. डिझाइन फ्रेंच, बांधणी मुंबईत. मंजूर खर्च 18,798 कोटी होता, तो 2010 मध्ये 23,562 कोटी झाला. पहिली पाणबुडी 2012 मध्ये यायची होती. 'कलवरी' नौदलात आली डिसेंबर 2017 मध्ये, खुद्द पंतप्रधानांच्या हस्ते. दुसरीचं नाव खांदेरी. शिवाजी महाराजांच्या जलदुर्गाचं नाव, त्यामुळे आपल्या ग्रुप्सवर तिचं कौतुक जरा जास्तच झालं. मीही फॉरवर्ड केलं.

पण पाणबुडीचं मुख्य शस्त्र म्हणजे जड टॉर्पेडो. तो आलाच नाही. ज्या इटालियन समूहाच्या कंपनीकडून 98 टॉर्पेडो घ्यायचे होते, त्याच समूहाची दुसरी कंपनी व्हीव्हीआयपी हेलिकॉप्टरच्या लाच प्रकरणात अडकली आणि टॉर्पेडोची खरेदी रद्द झाली. बरं, रद्द केली तर दुसरीकडून घ्या. तेही वर्षानुवर्षं झालं नाही. जुन्या पाणबुड्यांसाठी घेतलेल्या जर्मन टॉर्पेडोंवर काम भागवलं गेलं. जानेवारी 2025 मध्ये सहावी 'वागशीर'सुद्धा दाखल झाली. शेवटी डिसेंबर 2025 मध्ये करार झाला तो त्याच इटालियन कंपनीशी. 48 टॉर्पेडो, सुमारे 1,896 कोटी. पाणबुड्यांच्या किमतीच्या जेमतेम आठ टक्के. एवढ्याशा रकमेसाठी 23 हजार कोटींचं काम इतकी वर्षं अर्धवट राहिलं आणि कुणाची खुर्ची हलली नाही. हे कुठल्या एका पक्षाचं पाप नाही. सही एकाच्या काळात झाली, चालढकल दोघांच्याही.

किंमत विचारली की 'गोपनीय' हा शिक्का तयार असतोच. 36 राफेल विमानांचा 2016 चा करार आधीच्या प्रस्तावापेक्षा 2.86 टक्क्यांनी स्वस्त पडला, असं कॅगने 2019 मध्ये सांगितलं. किती रुपयांनी? ते आकडे संरक्षण मंत्रालयाच्या आग्रहामुळे अहवालात झाकलेले. टक्के छापले, रुपये गायब. अशी पावती किराणा दुकानदाराने दिली तर आपण तिथेच भांडू. विमानाची क्षमता शत्रूपासून लपवा, जरूर लपवा. बिल कुणापासून लपवताय?

आता माणूस. त्याच 6.81 लाख कोटींतले सुमारे 1.60 लाख कोटी पेन्शनला जातात. चर्चेत मोठमोठे तज्ज्ञ 'पेन्शनचं ओझं' म्हणतात तेव्हा माझं डोकं फिरतं. आमच्याकडे कित्येक घरांची चूल या ओझ्यावर पेटते. जून 2022 मध्ये अग्निपथ आली: चार वर्षं नोकरी, त्यानंतर जास्तीत जास्त 25 टक्के मुलं कायम, बाकीच्यांना पेन्शन नाही. हातात सुमारे 11.71 लाख, त्यातली निम्मी मूळ रक्कम त्यांच्याच पगारातून कापलेली. सैन्य तरुण व्हावं म्हणून ही योजना आहे, असं सरकार म्हणतं. मला ते पटत नाही. करार केलेल्या कंपनीचा हप्ता चुकवला तर दंड बसतो, बोलणी खावी लागतात. वीस वर्षांच्या पोराचा करारच बदलला तर तो काय करणार? चार दिवस रस्त्यावर येईल, मग पुन्हा पहाटे उठून धावायला जाईल. आमच्याकडे तेच झालं.

नव्या टॉर्पेडोंची पहिली खेप 2028 मध्ये अपेक्षित आहे. सध्याचा नियम असाच राहिला, तर अग्निवीरांच्या पहिल्या तुकडीतली चारातली तीन मुलं त्याआधीच घरी परतलेली असतील.