‘देअरफोर’ लिहिण्याआधी विचारा, ‘कशावरून?’

इंग्रजी लेखनाच्या क्लासमध्ये आपल्या मुलामुलींच्या हातात एक यादी ठेवली जाते: मोरओव्हर, फर्दरमोर, हाउएव्हर, देअरफोर. प्रत्येक परिच्छेद यातल्या एकाने सुरू करा, निबंध भारदस्त दिसेल, असं सांगितलं जातं. माझा या शिकवणीला सरळ विरोध आहे. विचार न करता विचार केल्याचा देखावा कसा करावा, हेच ती शिकवते.

परीक्षेच्या हिशेबानेही हा सौदा तोट्याचा आहे. आयईएलटीएसचं लेखन चार निकषांवर तपासतात. त्यातला एक सुसंगती आणि जोडणीचा. जोडशब्दांचा अतिरेक आणि यांत्रिक वापर तिथे दोष मानला जातो. ९ बँडच्या लेखनात तर जोडणीकडे वाचकाचं लक्ष क्वचितच जावं, अशी अपेक्षा असते.

पण प्रश्न गुणांपुरता नाही. ‘मुसलमान आहे, पण मराठी छान बोलतो’ हे वाक्य आपल्यातल्या बहुतेकांनी ऐकलंय. त्यातली माहिती खरीच आहे. अपमान दडलाय तो ‘पण’मध्ये. या दोन गोष्टी एकत्र असूच शकत नाहीत, असं तो ‘पण’ परस्पर ठरवून टाकतो. तिथे ‘आणि’ ठेवा, डंख जातो. इंग्रजीत हेच काम ‘बट’ आणि ‘ऑल्दो’ करतात. मग आपल्याच अर्जांत ‘ऑल्दो आय अ‍ॅम अ मुस्लिम’ का लिहायचं?

हीच तपासणी आपल्या घरातही व्हायला हवी. आपले पुढारी कलम २५ चा हवाला देतात आणि पुढे ‘देअरफोर’ ठोकतात: म्हणून तलाक, वारसा यांवर कुणी बोलायचं नाही. त्या कलमाचा इंग्रजी मजकूर उघडून पाहा. सुरुवातच ‘सब्जेक्ट टू’ने होते. धर्मस्वातंत्र्य आहे, पण सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता, आरोग्य आणि मूलभूत हक्कांच्या इतर तरतुदी यांच्या अधीन राहून. त्या तरतुदींत कलम १४ ची समानताही आली. आरंभीचे शब्द गाळले की बाईचा हक्कही त्यांच्याबरोबर गळतो.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. प्रोग्रॅममध्ये अट चुकीची लिहिली, तर आज ना उद्या चुकीचं उत्तर समोर येतं. भाषणातला किंवा लेखातला पोकळ ‘देअरफोर’ मात्र टाळ्या घेऊन जातो. तो पकडायचं काम वाचणाऱ्याचं, आणि त्याआधी लिहिणाऱ्याचं.

म्हणून ती यादी पाठ करू नका. ‘देअरफोर’ लिहिलात तर स्वतःला विचारा, कशावरून? ‘हाउएव्हर’ लिहिलात तर विरोध नेमका कशाचा? ‘मोरओव्हर’नंतर खरंच नवा मुद्दा आहे की जुनाच पुन्हा? उत्तर नसेल तर तो शब्द खोडा. बाजू आपली असली तरी खोडा.