डिस्चार्ज कार्डावर नसलेला आकडा

एटापल्ली, भामरागड, सिरोंचा भागातल्या वैद्यकीय अधिकाऱ्यांची तक्रार एकच आहे. नागपूरहून पेसमेकर बसवून आलेला रुग्ण चौथ्या दिवशी धापा टाकत येतो. रूम एअरवर एसपीओ२ ८८. कार्डावर मॉडेल, सीरियल नंबर, थ्रेशोल्ड सगळे असते. घरी सोडताना एसपीओ२ किती होते ते नसते. सबक्लेव्हियन टोचली की सेफॅलिक उघडली, तेही नसते. प्रोसिजरनंतरचा एक्स-रे महात्मा फुले योजनेच्या दाव्याला जोडला जातो. म्हणजे पैसे मंजूर करणाऱ्याला तो दिसतो, आणि त्या छातीत सुई घालायची का, हे दहा मिनिटांत ठरवणाऱ्याला दिसत नाही! ही व्यवस्था कोणासाठी आहे?

आपल्याकडे नुसत्या ८८ वरून काही ठरत नाही. सावळ्या त्वचेवर ऑक्सिमीटर जास्त दाखवू शकतो. २०२० च्या अमेरिकी अभ्यासात यंत्राला न दिसलेला हायपॉक्सिमिया कृष्णवर्णीयांत गोऱ्यांच्या जवळजवळ तिप्पट निघाला. सिकलसेलमध्ये उलटे. एचबीएसमुळे वक्र उजवीकडे सरकतो, पीएओ२ बरा असूनही एसपीओ२ कमी येते. आपल्या सिकलसेलच्या माडिया-गोंड रुग्णाच्या एकाच बोटावर या दोन्ही चुका असू शकतात. त्याचा स्वतःचा आधीचा आकडा हीच त्याची मोजपट्टी.

ती नसली की ऑक्सिजन लावायचा आणि रेफर करायचे. बी-टाइप सिलिंडरमध्ये साधारण १,५०० लिटर. मिनिटाला १० लिटरने अडीच तास. तेवढ्यात भामरागडहून गडचिरोली गाठणे कठीण, आणि पर्लकोटा नदीला पूर असला तर निघणेच नाही. न्यूमोथोरॅक्स वाढत असेल तर सिलिंडर पुरूनही जीव वाचत नाही.

पण आपल्यातलेही काही जण दोन्ही बाजूंचे श्वासध्वनी न ऐकताच ‘फेल्युअर’ लिहून फ्युरोसेमाइड देतात. हे थांबवा. मानेच्या शिरा फुगलेल्या, बीपी खाली आणि फुप्फुसे स्वच्छ, तर आधी टॅम्पोनेड मनात आणा. तिथे फ्युरोसेमाइड घात करते. पहिला एक्स-रे स्वच्छ होता म्हणून निर्धास्त राहू नका, न्यूमोथोरॅक्स उशिराही होतो. आणि रुग्णाला बसवूनच एक्स-रे काढा.

नागपूर-चंद्रपूरच्या हृदयरोगतज्ज्ञांना हात जोडून विनंती आहे. नव्या फॉर्मची, परिपत्रकाची वाट पाहू नका. आजच्या कार्डावर पेनाने लिहा: रूम एअरवरचे एसपीओ२, कोणती शीर, एक्स-रेत काय दिसले, सिकलिंगचा रिपोर्ट. एक्स-रेची प्रत रुग्णाच्या पिशवीत घाला. आणि खाली रात्री दोन वाजताही उचलला जाईल असा एक फोन नंबर.